पुण्याहून काठमांडूला गेलेला विद्यार्थी: धर्मानंद कोसंबी

आचार्य धर्मानंद कोसंबी यांना जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचे निधन झाले. दरवर्षी स्मृतिदिनाला आपल्या गटांमधून त्यांच्याविषयी चार ओळी फिरतात. पालीचे मोठे पंडित, चार वेळा अमेरिकेला गेले, ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिला, इतिहासकार दामोदर कोसंबी यांचे वडील. माहिती खरी आहे. पण या चार ओळींत तो पंचवीस वर्षांचा विद्यार्थी कुठेच दिसत नाही, जो १९०२ च्या सुरुवातीला बुद्धाचा धर्म शोधत काठमांडूला पोहोचला आणि निराश होऊन परतला. आम्हाला आज त्या निराशेविषयी लिहायचे आहे. हार्वर्डचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आमच्या मते मराठीतल्या बौद्ध अभ्यासाची खरी सुरुवात त्या फसलेल्या प्रवासातून झाली.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. घर गौड सारस्वत, उत्पन्न नारळीच्या बागेचे. शाळेतले शिक्षण तुटक झाले. घरात कोकणी, वाचायला मराठी, आणि राज्य पोर्तुगिजांचे. बागेची राखण करावी, माडांना पाणी घालावे आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा हा तरुण होता. १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ नावाच्या मासिकात त्याने बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले आणि तो माणूस त्याच्या मनातून गेलाच नाही. गंमत अशी की ‘बालबोधमेवा’ हे मुलांसाठी काढलेले ख्रिस्ती मिशनऱ्यांचे मासिक होते. पुढे गोविंद नारायण काणे यांनी मराठीत आणलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती पडले, तेव्हा तर वेडच लागले.

इथे आमच्या वाचकांना आणखी एका मुलाची आठवण होईल. १८९८ साली कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी ते पुस्तक त्यांना भेट दिले. पाली येणारा माणूस महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता अशा त्या काळात, मराठीतल्या दोन साध्या पुस्तकांनी दोन तरुणांना बुद्धाकडे वळवले. एक साखवाळचा, एक परळच्या चाळीतला. विहारात वाचनालय कशाला हवे असे विचारणारी मंडळी अजून भेटतात, म्हणून हे लिहून ठेवतो.

कोसंबींचे लग्न लहानपणीच झाले होते. १८९८ साली वडील वारले. १८९९ साली मुलगी झाली, तिचे नाव माणिक. आणि त्याच वर्षाच्या शेवटी हा माणूस घर सोडून निघाला. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. पुष्कळ लेखक इथे लगेच सिद्धार्थाच्या गृहत्यागाची उपमा देतात. आम्ही ती देणार नाही. सिद्धार्थाच्या मागे शाक्यांचे घराणे होते, बाळाबाईंच्या मागे कर्जात बुडत चाललेली बाग होती. कोसंबींनी आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात स्वतःच्या दोषांवर पांघरूण घातलेले नाही, मग आपण तरी कशाला घालावे? पुढची सहा-सात वर्षे बाळाबाईंनी जे सोसले, ते या विद्वत्तेच्या हिशेबात धरलेच पाहिजे.

घर सोडून ते पुण्याला आले. आता परदेशप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बोट, विमान, लंडन असे काहीतरी येते. पण कायद्याने पाहिले तर कोसंबींसाठी पुणे हा परदेशच. गोवा पोर्तुगालच्या राजाचा मुलूख, पुणे इंग्रजांच्या. मधे सरहद्द होती, जकातीचे नाके होते. पेशव्यांची जुनी राजधानी ही साखवाळच्या या मुलासाठी परकी राजधानी ठरते. आणि तो आला होता विद्यार्थी म्हणून, संस्कृत शिकायला. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा तर आधी संस्कृत यायला हवे, असे त्याने मनाशी धरले होते.

१८९९ चे पुणे कसे होते? दोन वर्षांपूर्वी प्लेग आला होता, रँडचा खून झाला होता, चाफेकर फासावर गेले होते. साथ येऊन-जाऊन होती. कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद याच सुमारास पेटला, आणि छत्रपतींनासुद्धा वेदमंत्रांचा अधिकार आहे की नाही याचा काथ्याकूट पुण्याच्या वर्तमानपत्रांतून चालला. विद्येचे माहेरघर म्हणून ज्याची ख्याती, ते पुणे म्हणजे मुख्यतः सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतले वाडे. सदाशिव पेठ तर या सगळ्याचे प्रतीकच झाली. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती अशी देवांची नावे, वाड्यांच्या ओसरीवर चालणारे संस्कृत पाठ, आणि वार लावून किंवा माधुकरी मागून शिकणारी गरीब ब्राह्मण मुले. त्या ओसरीवर कोण बसू शकत होता, हा खरा प्रश्न. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो इथून चालत जाण्याच्या अंतरावर, पण मनाने ते अंतर फार लांबचे होते.

कोसंबी सारस्वत. त्यांना पंक्तीला घ्यावे की घेऊ नये, यावर देशस्थ आणि कोकणस्थ मंडळींत त्या काळी वाद होत. तरी संस्कृत मागायला ते दारात उभे राहू शकले. काही वर्षांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत हवे होते, ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. दोघांच्या वाटा पुढे एका ठिकाणी येतात, पण सुरुवातीला एकासाठी दार अर्धे उघडे होते आणि दुसऱ्यासाठी बंद, हे विसरून चालणार नाही.

पुण्यात कोसंबींना आधार दिला तो डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी. भांडारकर संस्कृतचे जगप्रसिद्ध पंडित, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. खिशात पैसा नसलेल्या एका अनोळखी गोवेकर तरुणाला त्यांनी जवळ केले, ही साधी गोष्ट नव्हे. पण बुद्धाचा धर्म शिकवणारा गुरू पुण्यात कुणीच नव्हता. एवढ्या वाड्यांत, एवढ्या शास्त्र्यांत एकही नव्हता. बौद्ध मत त्यांना ठाऊक होते ते खंडन करायचा पूर्वपक्ष म्हणून. पाली कुणाला येत नव्हती. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी, जुन्नरची लेणीही याच जिल्ह्यातली, पण ती कोरणाऱ्यांची भाषा आणि विचार शहरातून पार पुसला गेला होता.

काही महिन्यांनी कोसंबी इंदूर, ग्वाल्हेर असे करत काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवायचे, गंगेवर कपडे धुवायचे आणि व्याकरण घोकायचे. छत्रांतही जातीची चौकशी होतीच. प्लेग तिथेही आला. असे करून सव्वा-दीड वर्षात त्यांनी संस्कृतचा पाया घातला. पण ज्यासाठी घर सोडले ती गोष्ट अजून दूरच होती. काशीपासून सारनाथ अवघे सहा मैल. तिथे धम्मचक्र फिरले होते. पण १९०१ साली तिथे विटांचे ढिगारे होते, शिकवणारा कुणी नव्हता.

मग काठमांडूच का? याचे उत्तर समजायला तो काळ समजून घ्यावा लागतो. डिसेंबर १८९६ मध्ये नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला होता. बुद्ध जन्मले ते ठिकाण नेपाळच्या हद्दीत, हे दगडावर कोरलेले निघाले. त्याच्या कितीतरी आधी काठमांडूत राहणारे इंग्रज वकील ब्रायन हॉजसन यांनी तिथल्या संस्कृत बौद्ध पोथ्यांचे गठ्ठे कलकत्ता, लंडन, पॅरिसला पाठवले होते आणि त्यांच्यावरच युरोपातला बौद्ध अभ्यास उभा राहिला होता. भारतात जो धर्म नामशेष झाला तो नेपाळात जिवंत आहे, असा समज शिकलेल्या लोकांत होता. १८९८ साली फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही काठमांडूला जाऊन आले. १८९९ साली जपानी भिक्खू एकाई कावागुची तिबेटच्या वाटेवर तिथे थांबले. त्यांना हव्या होत्या पोथ्या. कोसंबींना हवा होता गुरू. बुद्धाच्या देशात बुद्धाच्या मार्गाने चालणारी माणसे असतील, त्यांच्या पायाशी बसून शिकावे, एवढी सरळ त्यांची अपेक्षा होती.

नेपाळ तेव्हा परक्यांना बंद होते. एक इंग्रज रेसिडेंट सोडला तर गोऱ्या माणसालाही सहजी प्रवेश नसे. हिंदू यात्रेकरूंना महाशिवरात्रीला पशुपतिनाथासाठी वाट खुली होई, एरवी राहदारीचा परवाना लागे. रेल्वे रक्सौलपर्यंत पोहोचली होती. तिथून पुढे तराईचे जंगल, तिथला जीवघेणा हिवताप, मग भीमफेदीपासून चढण, चिसापानीची गढी आणि शेवटी चंद्रागिरीची खिंड. खिंडीच्या माथ्यावरून खाली अख्खे काठमांडूचे खोरे दिसते. मोटाररस्ता नव्हता. श्रीमंत लोक माणसांच्या खांद्यावरून जात, गरीब पायी. काशीतल्या एका नेपाळी सोबत्याबरोबर कोसंबी तिथे पोहोचले.

शहर पाहिले तर डोळे दिपावेत असेच. तळमजल्यापासून शिखरापर्यंत कोरीव लाकूड, तीन राजधान्यांचे तीन राजवाडे, टेकडीवर स्वयंभूचा स्तूप, पलीकडे बौद्धनाथचा प्रचंड घुमट, त्यावर चारी दिशांना पाहणारे डोळे. पाटणमध्ये तर पावलापावलावर विहार. पण विहाराच्या चौकात पाऊल टाकले की दिसे संसार. धुणी वाळत घातलेली, मुले खेळणारी, कोपऱ्यात सोनारकाम चाललेले. भिक्खू कुठे?

काठमांडूच्या खोऱ्यातले बौद्ध म्हणजे नेवार. त्यांच्यातल्या वज्राचार्य आणि शाक्य या दोन घराण्यांकडे विहार पिढीजात आलेले. वज्राचार्य पौरोहित्य करत, शाक्य बहुधा सोन्याचांदीचे आणि मूर्तींचे काम करत. या घरांतल्या मुलांचा एक संस्कार असतो, त्याला ‘बरे छुयेगु’ म्हणतात. मुलाचे मुंडण होते, चीवर नेसवतात, भिक्षापात्र देतात. चार दिवस तो भिक्खू. चौथ्या दिवशी चीवर उतरवून घरी येतो आणि आयुष्यभर त्या विहाराचा सभासद राहतो. आपल्याकडच्या मुंजीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. आणि मुंजीसारखाच तो जन्माने ठरलेला. वज्राचार्याच्या किंवा शाक्याच्या पोटी जन्मलेल्यालाच तो लाभतो, इतरांना नाही. नेवारांच्या कलेविषयी, त्यांनी हजार वर्षे जपलेल्या पोथ्यांविषयी आम्हाला आदर आहे. ललितविस्तरासारखे ग्रंथ त्यांच्यामुळेच मूळ संस्कृतात वाचायला मिळतात. पण ज्या संघात उपालीसारखा न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या घेतो आणि मग राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागते, त्या संघाचे सभासदत्व जन्मावर यावे, यापेक्षा मोठी हार कोणती?

या हारीमागे राजसत्ता होती. चौदाव्या शतकात मल्ल राजांच्या काळात नेवार समाजाला जातींच्या उतरंडीत बसवले गेले, असे तिथली परंपरा सांगते. १८५४ साली जंगबहादूर राणाने मुलुकी ऐन हा कायदा करून साऱ्या देशाचीच जातवार मांडणी केली. सर्वांत वर जानवेवाले, सर्वांत खाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही आणि ज्यांचा विटाळ झाला तर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते ते. गुन्हा एकच, पण शिक्षा जात पाहून. आपल्याकडे मनुस्मृती पोथीत होती आणि रूढीत होती, तिथे तिच्यासारखा कायदा एकोणिसाव्या शतकात सरकारी शिक्क्यानिशी लागू झाला. चवदार तळ्याचे पाणी ज्यांच्या पूर्वजांनी ओंजळीत घेतले त्यांना या कायद्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. कोसंबी काठमांडूत आले तेव्हा चंद्रशमशेर राणाला सत्तेवर येऊन वर्षही झाले नव्हते आणि मुलुकी ऐन पूर्ण जोरात होता.

तर असा हा बुद्धाचा देश. देवळांत बळी, विहारात जात, आणि बुद्धाने काय शिकवले हे सांगणारा कुणी नाही. कोसंबींचा मुक्काम थोड्याच दिवसांचा झाला. ज्यासाठी घर, बायको, मूल सोडले, दोन वर्षे अन्नछत्रात काढली, ती जागा रिकामी निघाली. दुसरा कुणी असता तर गोव्याला परतला असता, किंवा काशीतच शास्त्री होऊन बसला असता. किंवा त्याहून सोपे म्हणजे, पवित्र भूमीचे दर्शन झाले यातच समाधान मानून स्तूपांच्या वर्णनाचे पुस्तक लिहिले असते. आपल्याकडच्या कितीतरी धम्मयात्रांची वर्णने नेमकी अशीच असतात: बस कुठे थांबली, जेवण कसे होते, कुठे फोटो काढले. कोसंबींनी यातले काहीच केले नाही. बुद्धाचा धर्म भूमीत नसतो, घराण्यात नसतो, तर मग तो शिकण्याची जागा दुसरी कुठली, असे विचारत ते खाली उतरले आणि थेट बोधगयेला गेले.

बोधगयेला त्यांना वाट मिळाली. बुद्धाचे मूळ वचन शिकायचे तर सिंहलद्वीपाला जा, असा सल्ला मिळाला. कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत झाली आणि १९०२ सालीच ते मद्रासमार्गे कोलंबोला पोहोचले. तिथे विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. सिंहली जेवण सोसेना, तब्येत बिघडली, पण पाली आली. पुढे ब्रह्मदेशात ते भिक्खू झाले, तिथल्या विहारांत ध्यानाचा अभ्यास केला, भिक्षापात्र घेऊन सारनाथ, कुशीनगर फिरले. काठमांडूत जे मिळाले नव्हते ते असे तीन-चार वर्षांत तुकड्यातुकड्याने मिळाले.

काठमांडूची गोष्ट मात्र इथे संपत नाही, आणि ती थोडी सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. १९२६ साली तिबेटी परंपरेतले काही नवे भिक्खू राणा सरकारने देशाबाहेर हाकलले. १९४४ साली पुन्हा आठ भिक्खूंना हद्दपार केले. गुन्हा काय, तर ते धर्म शिकवत होते. १९५१ साली राणांची सत्ता गेली. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले. राजे महेंद्र यांनी त्याचे उद्घाटन केले. नागपूरच्या दीक्षेला सव्वा महिनाही झाला नव्हता. प्रकृती पार ढासळलेली असताना बाबासाहेब तिथे गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध की कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. तो त्यांचा शेवटचा परदेश दौरा. १९०२ साली एक मराठी वाचणारा विद्यार्थी धर्म मागायला त्या शहरात एकटा गेला आणि रिकाम्या हाताने परतला. चौपन्न वर्षांनी एक मराठी माणूस तिथे गेला तो लाखोंच्या धम्मदीक्षेची हकिकत सोबत घेऊन. नेपाळच्या कायद्यातली जातवार उतरंड मात्र तेव्हाही उभीच होती. नवा मुलुकी ऐन १९६३ साली आला.

कोसंबींकडे परत वळू. १९०६ च्या सुमारास चीवर उतरवून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तिथल्या विद्यापीठात त्यांना जागा मिळाली होती. ती सोडून १९०८ साली त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा ५० रुपये घेणे पत्करले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहून काम करायचे आणि बौद्ध विषयावर मराठीत लिहायचे. हा निर्णय आम्हाला हार्वर्डपेक्षा मोठा वाटतो. इंग्रजीत लिहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. पण मराठीत वाचून वेड लागलेला हा माणूस होता. त्याला माहीत होते की आपल्यासारखा कुणीतरी कुठल्या तरी गावात बसला आहे आणि त्याच्या हाती मराठीच पुस्तक पडणार आहे. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ १९१० साली आले, ‘बुद्धलीलासारसंग्रह’ १९१४ साली.

मधे १९१० ते १९१२ ते अमेरिकेत होते. हेन्री क्लार्क वॉरन यांनी अर्धवट सोडलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डने त्यांना बोलावले होते. परत आले आणि १९१२ साली पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक झाले. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली, त्यामागे भांडारकरांचा आग्रह होता. बारा वर्षांपूर्वी ज्या पुण्यात त्यांना पालीचा एक गुरू मिळाला नव्हता, त्याच पुण्यात आता ते स्वतः गुरू होते. १९१८ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांतले पु. वि. बापट पुढे मोठे बौद्ध विद्वान झाले. १९५६ साली बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षी भारत सरकारने जो ग्रंथ काढला, त्याचे संपादन बापटांनी केले.

सदाशिव पेठेच्या वाचकाने कोसंबींना पंडित म्हणून स्वीकारले. टिळक रस्त्यावरच्या साहित्य परिषदेपासून इतिहास संशोधक मंडळापर्यंत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आमची तक्रार वेगळी आहे. पंडित म्हणून स्वीकारताना त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात जातिभेदावर स्वतंत्र प्रकरण आहे. वासेट्ठ सुत्त, अस्सलायन सुत्त यांच्या आधारे बुद्धाने जन्मावरचे श्रेष्ठत्व कसे मोडून काढले ते त्यात सविस्तर येते. तो ग्रंथ कपाटात गेला आणि पेठेतल्या पंगती तशाच राहिल्या. ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरासाठी अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला आणि दगड खावे लागले, ते याच शहरात.

आपल्या बाजूचेही सांगायला हवे. आपल्यातले काही कार्यकर्ते कोसंबींचे नाव निघाले की लगेच विचारतात: ते जन्माने ब्राह्मण, गांधींच्या आश्रमात राहिलेले, बिर्लांच्या पैशाने विहार बांधणारे, त्यांच्याशी आपला काय संबंध? प्रश्न गैर नाही. कोसंबी गांधीवादी होते, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, आणि राजकारणात बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. पण संबंध शोधायचा तर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ उघडावा. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले ही कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे गृहत्यागाचे कारण मांडले. या विचाराची मांडणी मराठीत आधी कोसंबींनी केली होती. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे त्यांनी बोट दाखवले आणि चार दृश्यांची कथा त्रिपिटकात विपस्सी बुद्धाविषयी येते, गौतमाविषयी नाही, हे दाखवून दिले. त्यावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही लिहिले. बाबासाहेबांनी त्या विचाराला जी राजकीय आणि नैतिक धार दिली ती त्यांचीच. पण बीज कुठले हे सांगितल्याने बाबासाहेबांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही.

आणि बहुजन विहार. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९३७ साली, कोसंबींनी परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभा केला. ज्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची वीस-बावीस वर्षे काढली, त्याच वस्तीत. दलित आणि कामकरी वस्तीत जाऊन बुद्ध सांगायचा, असा त्यामागचा हेतू होता. जागा नेमकी निवडली, नावही नेमके दिले. पण आपली माणसे तिकडे फारशी वळली नाहीत. पैसा बिर्लांचा, हे एक कारण असावे. दुसरे कारण आम्हाला असे वाटते की, तेव्हा आपल्या समाजाला धर्माचा उपदेशक नको होता, स्वतःचा निर्णय स्वतः घेणारा नेता हवा होता आणि तो त्याला मिळाला होता. कोसंबी दोन-एक वर्षांत विहार सोडून निघाले. त्यांच्या आयुष्यातली ही दुसरी मोठी निराशा म्हणता येईल. पण पहिलीसारखीच तीही त्यांना थांबवू शकली नाही. १९४० मध्ये त्यांनी स्वतः संपादित केलेला ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत छापून आला, आणि ‘भगवान बुद्ध’ही त्याच सुमारास.

शेवटी शरीर थकले. दुखणे वाढले तसे इतरांवर भार होऊन जगायचे नाही असे ठरवून त्यांनी अन्न सोडायला सुरुवात केली. ते सेवाग्रामला आले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. गांधीजींनी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा दहा आठवडे उरले होते, आणि वर्तमानपत्रांत फाळणीच्या बातम्यांना जागा पुरत नव्हती.

हार्वर्डच्या ‘विसुद्धिमग्गा’वरून कोसंबींचा तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाबद्दल वाद झाला होता आणि छापायचे काम वर्षानुवर्षे रखडले होते. ती आवृत्ती १९५० साली निघाली. शीर्षकपानावर वॉरन यांच्या जोडीला धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.